न हरवलेली वगार

माझा आजार पायापासून सुरू झाला, म्हणून मीही पायापासूनच सुरुवात करते.

फेब्रुवारीतली सकाळ होती. मी मळ्यात सांभार उपटत होते. आमच्या वऱ्हाडात कोथिंबिरीला सांभारच म्हणतात, कोणी कोथिंबीर म्हटलं की तो पाहुणा आहे हे आम्ही ओळखतो. जुड्या बांधून उठले, घराकडे निघाले आणि दहा-वीस पावलांवर लक्षात आलं की एका पायात चप्पल नाही. कधी निसटली ते पायाला कळलंच नव्हतं. मागे वळून पाहिलं तर चप्पल वाफ्याच्या बांधावर पडलेली. मी एकटीच हसले. वय झालं म्हटलं बाई, अठ्ठेचाळीसाव्यातच.

दुसऱ्या दिवशी तळपायाला मुंग्या आल्या. तिसऱ्या दिवशी संडासात बसले ती उठताच येईना. शेजारच्या शोभाला हाक मारली. ती आली, तिने काखेत हात घालून उठवलं आणि म्हणाली, "उपास जास्ती झाले तुहे. एवढं काय मागून राहिली देवाले?" चौथ्या दिवशी सकाळी माझे पाय माझे राहिलेच नव्हते. आमच्या ह्यांनी मला उचलून गाडीत ठेवलं आणि आम्ही अकोल्याला निघालो.

हातोडी

आमचं गाव हिवरखेडच्या जवळचं. फुलं आणि भाजीपाला हीच आमची शेती. झेंडू, शेवंती, वांगी, सांभार. माझा नवरा, प्रभाकर, बोलायला कमी आणि खोटं बोलायला तर अजिबात नालायक. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी छोट्या रबरी हातोडीने माझ्या गुडघ्याखाली टकटक केलं. पाय उडायला हवा होता. उडाला नाही. दुसरा पाय. तोही नाही. मग कोपर, मग मनगट. तोपर्यंत डॉक्टर हवापाण्याच्या गप्पा मारत होते, ते एकदम गप्प झाले. मला आजाराची भीती नंतर वाटली, आधी त्या गप्प होण्याचीच वाटली.

"लकवा हाये का?" ह्यांनी विचारलं.

"लकव्यासारखा आहे, पण लकवा नाही," डॉक्टर म्हणाले. "जीबीएस म्हणतात. शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं. बहुतेक माणसं बरी होतात. फक्त आधी खाली जायचं, मग वर यायचं."

"किती खाली?"

"तेच आता पाहायचंय."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. त्या दिवशी मी रडले नाही. रडायला जेवढा दम लागतो तेवढाही उरला नव्हता, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

एका दमात

आयसीयूत दर थोड्या वेळाने सिस्टर यायची आणि म्हणायची, "काकू, एका दमात मोजा." श्वास भरून घ्यायचा आणि एक, दोन, तीन म्हणत तो संपेपर्यंत जायचं. पहिल्या दिवशी मी सव्वीसपर्यंत गेले. नंतर एकोणीस. नंतर चौदा. डॉक्टरांच्या मनात एक आकडा होता. त्याच्या खाली गेले की श्वासाचं मशीन लागणार होतं. तो आकडा त्यांनी मला सांगितला नाही आणि मीही विचारला नाही.

ह्यांना दिवसातून दोनदा आत सोडत. चौथ्या दिवशी दुपारी ते आले तेव्हा माझी मोजणी चालू होती. तेही पलंगाजवळ उभे राहून माझ्यासोबत मोजू लागले. मी अकरावर थांबले. हेही अकरावर थांबले, छातीवर हात ठेवला, मोठ्याने धापा टाकल्या आणि म्हणाले, "माहाही दम इतकाच हाये."

वांग्याची भरलेली पोती एकट्याने ट्रकमध्ये चढवणारा माणूस! मी हसायला गेले तर हसताच येईना, नुसत्या डोळ्यांतून धारा लागल्या. संध्याकाळी बारा झाले. दुसऱ्या दिवशीही बारा. तिसऱ्या दिवशी पंधरा! सिस्टर पळत जाऊन बाहेर बसलेल्या ह्यांना सांगून आली. ज्यांच्या घरचं माणूस आत्ता तिथे आहे त्यांना सांगते, आकडा एका जागी थांबला की ती बातमी चांगली समजायची. आम्ही तसंच समजलो.

वॉर्डात आल्यावर खिडकी मिळाली. खिडकीबाहेर कडुनिंबाची एक फांदी आणि रस्त्याचा एक तुकडा दिसायचा. मी दिवसभर त्या तुकड्यावरून जाणारे पाय पाहायचे. माणसं किती सहज चालतात, आणि कोणाचंच आपल्या पायांकडे लक्ष नसतं! एका सकाळी माझ्या उजव्या पायाचा अंगठा हलला. मी इतक्या जोरात ओरडले की समोरच्या पलंगावरची बाई उठून बसली. पोरीला, वैशालीला, फोन लावायला सांगितला. ती अमरावतीला कॉलेजात शिकते. तिला वाटलं, काही वाईटच झालं. "अंगठा हलला, अंगठा!" मी सांगत होते आणि ती तिकडे मैत्रिणींना सांगत होती.

घरी

घरी आले ती वॉकर घेऊन. चार पायांचा तो ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि त्याच्या मधोमध मी. आता खरी गोष्ट सांगते, जी दवाखान्यात कोणी सांगत नाही. घरी आल्यावर आजार जास्त जड जातो.

ह्यांनी सगळं केलं. अंघोळ घातली, वेणी घातली. वेणी रोज वाकडी यायची. मळाही तेच पाहत होते. आणि एवढं करणाऱ्या माणसाचाच मला राग यायचा. एकदा पाहुणे बसलेले असताना हे मला घास भरवायला लागले. माझे हात तोवर बरे झाले होते.

"मी काय लेकरू हाये का?" मी ताट ढकललं.

"मंग उठ अन् खाय," हे म्हणाले आणि उठून निघून गेले. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी वेणी घातली, तीही न बोलता.

अकोल्याच्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, "पहिल्या वर्षात जे येईल ते खरं. घरातल्या घरात नाही, रस्त्यावर चाला. उंच-सखल, माती, दगड, सगळं पायाला कळू द्या."

मी म्हटलं, "मॅडम, दसऱ्याले मले माह्या हातानं झेंडू तोडाचा हाये. उभ्यानं."

"मळा किती लांब आहे?"

"दीड किलोमीटर."

"मग दसऱ्यापर्यंत मळ्यात चालत जायचं आणि चालत यायचं," त्या म्हणाल्या आणि कागदावर लिहूनही दिलं.

दसरा म्हणजे आमच्या वर्षाचा मोठा दिवस. आदल्या दिवशी पहाटेपासून झेंडू तोडणी असते. लग्न होऊन आल्यापासून एकही तोडणी माझी चुकलेली नाही. बाळंतपण होऊन दीड महिना झाला होता तेव्हाही मी बांधावर बसून फुलं निवडली होती. यंदा चुकली तर पुढच्याही चुकतील, असं माझ्या मनाने घेतलं होतं. वैशालीने माझ्या फोनमध्ये पावलं मोजणारं काहीतरी टाकून दिलं, 'चालण्याचे दहा फायदे' असा कागद आरशाजवळ चिकटवला. मी ते दहाही फायदे रोज खाटेवर पडल्या पडल्या वाचायचे.

"बसा काकू"

एप्रिल-मेच्या उन्हात अंगणातच फेऱ्या झाल्या. पाऊस पडला, हवा निवली आणि मी एकदाची रस्त्यावर उतरले. आणि तिथे मला आमच्या गावाच्या मायेने गाठलं.

आमच्याकडे एक रीत आहे. रस्त्याने कोणी पायी जाताना दिसलं की गाडीवाला थांबतोच. न थांबता जाणं म्हणजे माणुसकी सोडणं. आणि तो थांबल्यावर न बसणं म्हणजे त्याचा अपमान. बाई चालायला म्हणून चालते आहे, ही गोष्ट आमच्या भागात कोणाच्या डोक्यातच येत नाही. माणूस कुठेतरी जातो म्हणून चालतो. नुसतं चालायचं असतं ते शहरात, आणि तेही पांढरे बूट घालून.

पहिल्या दिवशी गिरणीपर्यंत गेले नाही तोच माणिक थांबला. हा हिवरखेडच्या डेअरीवर दूध पोहोचवणारा पोरगा, तिशीतला. गाडीला दोन्ही बाजूंनी दुधाच्या कॅन.

"बसा काकू."

"नोको रे, डॉक्टरनं चालाले सांगतलं."

"डॉक्टरले काय समजते? या हालतीत चाल्ल्या तुमी? बसा!" त्याने माझा वॉकर उचलून कॅनवर आडवा बांधलासुद्धा. मी मागे बसले. मळ्यात पोहोचले, तेव्हा फोनमध्ये एकशे चाळीस पावलं झाली होती.

दुसऱ्या दिवशी वेगळी गाडी. तिसऱ्या दिवशी तर ट्रॅक्टर! मी आजाराचं सांगायचे तेवढी लोकांची दया वाढायची. चौथ्या दिवशी कोणीतरी बाजारात ह्यांनाच झापलं, "बायकोले अशी पायी पाठोता? लाज नाही वाटत?" हे घरी आले ते ठरवूनच आले. "उद्यापासून जाचं नाही. लोकं माह्या तोंडात शेण घालून राहिले."

मी त्या संध्याकाळी वॉकर भिंतीला टेकवला आणि दसऱ्याला किती दिवस उरले ते मोजलं.

पयाली

तरी मी सकाळी निघाले. हे मळ्यात गेल्यावर, चोरून. आभाळ भरलेलं होतं. गिरणीपुढे मागून गाडीचा आवाज आला. माणिकच.

"काकू, बसा."

"नाही, मी पायीच जातो."

"काहून?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमची वगार हरवली."

वगार म्हणजे म्हशीची पारडी, वर्ष-दीड वर्षाची. आमची वगार त्या क्षणी मळ्यातल्या गोठ्यात बांधलेली, चारा खात उभी होती.

"कवा?" माणिकने गाडी बंद केली.

"सकायीच. दावं तोडून पयाली. नाल्यात नाहीतर झुडपात अशीन. गाडीवरून कशी दिसन थे?"

माणिकने माझ्याकडे पाहिलं, नाल्याकडे पाहिलं, आणि गाडी बाभळीखाली स्टँडवर लावली.

"अन् दूध?" मीच घाबरले.

"अर्ध्या घंट्यात काही होत नाही दुधाले."

तो माझ्या बाजूने चालू लागला. माझ्याच वेगाने! वॉकरच्या खटखट आवाजाकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो झुडपात वाकून पाहत होता, तोंडाने आवाज काढून वगारीला बोलावत होता. दोन माणसं खाली पाहत चालताना दिसली म्हणून तिसरा थांबला. तो थांबला म्हणून चौथा. शोभा भाजी आणायला निघाली होती, तिने पदर खोचला आणि नाल्यात उतरली. "कोन्या अंगानं गेली वं?" मी हात करेन तिकडे माणसं जात होती. आणि कोणीही, एकही जण, मला "बसा" म्हणत नव्हता. हरवलेलं जनावर पायीच शोधायचं असतं, हे सगळ्यांना मान्य होतं.

बोलता बोलता मळा आला. दीड किलोमीटर! माझ्या अंगाला घाम फुटला होता, त्यातला अर्धा चालण्याचा. उरलेला, कारण गोठा समोर होता.

हे वाफ्यात होते. त्यांनी आधी माझे पाय पाहिले, मग मागची सहा माणसं.

"तू... चालत आली?"

"वगार सापडली का वो?" मी मोठ्याने विचारलं आणि डोळे मोठे केले. सत्तावीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना कधी डोळ्यांनी खुणावलं नव्हतं, त्यामुळे त्यांना काहीच कळेना. तेवढ्यात गोठ्यातून वगार ओरडली.

खोटं बोलता न येणाऱ्या माणसाने मग एकच गोष्ट केली. धावत जाऊन विहिरीवरची मोटर सुरू केली. एवढा आवाज, की माणसाला माणूस ऐकू येईना.

"प्रभाकरभाऊ, भर पावसाळ्यात पानी काहून देऊन राहिले?" माणिक ओरडून विचारत होता.

"इकडं मी पाह्यलं!" मी तेवढ्याच जोरात ओरडले. "तिकडं जा, तिकडं!"

घरी आल्यावर दार लावलं आणि आम्ही दोघं हसत सुटलो. पाच महिन्यांत पहिल्यांदा. हे पोट धरून खाली बसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "बस झालं नाटक. उद्या सांगून टाक."

"मी आज दीड किलोमीटर चालली," मी म्हटलं. "एकानंही मले उचललं नाही."

हे मग उठले, दोर घेतला आणि तिन्हीसांजेला शेताशेताने वगारीला घेऊन दोन गावं पलीकडे नणंदेकडे ठेवून आले. ह्यांच्याइतकं माझ्यासाठी कोणी काही केलं नाही. वेण्या एकीकडे आणि ते खोटं एकीकडे.

शोध

दुसऱ्या दिवशी उजाडताच दारात अकरा माणसं! मी चहा प्यायलेले नव्हते.

मला वाटलं होतं, दोन दिवसांत कंटाळतील. पण झालं भलतंच. लोकांना गोडी लागली. शोभा रोज पिशवी घेऊन येई आणि शोधता शोधता तरोट्याची कोवळी भाजी खुडून नेई. माणिकला नाल्यापलीकडे मोराची पिल्लं दिसली, तो दुसऱ्या दिवशी बायकोला दाखवायला घेऊन आला. कोणाला गुडघेदुखी होती, कोणाला साखर होती, डॉक्टरांनी सगळ्यांनाच कधीचं चालायला सांगून ठेवलं होतं आणि कोणीच चालत नव्हतं. वगारीसाठी मात्र चिखलातून, काट्यातून चालले. आणि वगार दिसायलाही लागली! एकाला ती केळीच्या बागेत दिसली. एकाला डोंगराच्या कडेला. एक जण शपथेवर म्हणाला की त्याच्या साडूने तीच वगार अचलपूरच्या बाजारात पाहिली, कपाळावर पांढरा ठिपका. खरंच पळाली की काय, या धास्तीने हे त्या दिवशी जेवले नाहीत.

मी रोज पुढे पुढे जात होते. अकोल्याला दाखवायला गेले तेव्हा मॅडमनी माझ्या पायांना हात लावून पाहिला, मला वॉकरशिवाय उभं केलं, चार पावलं चालवलं. "काय करता हो तुम्ही?" त्या खूश होऊन म्हणाल्या.

"वगार शोधतो."

मी सगळं सांगितलं. त्या एवढ्या हसल्या की बाहेरचे पेशंट डोकावले. मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. वैशालीने नंतर वाचून दाखवलं: वगार शोधणे, सुरू ठेवावे. वॉकर गेला आणि हातात काठी आली.

बाहेर पडायला माणसाला काय लागतं, यावर मी या आजारात फार विचार केला आहे. मला भीती दाखवून झाली, फायदे वाचून झाले, फोनमधली पावलं मोजून झाली. ते सगळं माझ्या भल्याचं होतं, आणि स्वतःच्या भल्यासाठी पहाटे उठायचा मला तरी भारी कंटाळा. पण बाहेर काहीतरी आपली वाट पाहतंय, आणि दारात कोणीतरी "चाल ना" म्हणून उभं आहे, एवढं असलं की पाय आपोआप चपलेत जातात. मला तर आता चप्पल कळतेही.

नाव

तिसऱ्या आठवड्यात गंमत संपली. शोधताना कोणीतरी म्हणालं, "इतके दिवस झाले, आता हे चोरीच हाये. सीतारामले विचारा." सीताराम म्हणजे गावाची गुरं चारणारा. म्हातारा, एकटा. दोन दिवसांत ते बोलणं सगळीकडे झालं. लोकांनी त्याच्याकडे गुरं सोडणं थांबवलं. मी त्याला पारावर एकटाच बसलेला पाहिला आणि तशीच घराकडे वळले.

"उद्या घेऊन या तिले," मी ह्यांना म्हटलं.

हे पहाटेच गेले. आणि वगारीला दोराने धरून परत येताना नाल्यावर नेमके शोधायला निघालेल्या सगळ्यांच्या पुढ्यात आले. काय जल्लोष झाला म्हणून सांगू! माणिकने ह्यांना मिठी मारली. "कुठी सापडली?" "सापडली," एवढंच हे म्हणाले. आणि शोभाने दोन्ही हात जोडून आभाळाकडे पाहिलं, "व माय, फयला माहा नवस!"

मला माहीतच नव्हतं. शोभाने पहिल्याच आठवड्यात शिवारातल्या मारोतीला बोललं होतं, सुनंदाची वगार सापडू दे, तुझ्यापुढे रोडगे करीन. सुनंदा म्हणजे मी.

रोडगे म्हणजे जाड दळलेल्या गव्हाचे पदर दिलेले गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले. सोबत वांग्याची भाजी, वरण. घरात करतच नाहीत, रानातच करायचे. शनिवारी पंचवीस-तीस माणसं मारोतीपाशी जमली. मी काठी टेकत तिथवर पोहोचले, आजारानंतरची माझी सगळ्यात लांब चाल. गड्यांनी आर केला होता. वांगी आमच्या मळ्यातली. सीतारामही आला होता, लांब बसला होता. शोभा नारळ घेऊन देवापुढे उभी राहिली आणि मला ते पाहवेना.

"थांब शोभा," मी म्हटलं. "वगार हरवलीच नव्हती."

मी सगळं सांगितलं. मोटरीसकट. आरातल्या गोवऱ्या तेवढ्या फुटत होत्या.

"मंग माह्या पायात एवढा काटा रुतला, थो फुकटच?" माणिक म्हणाला आणि माणसं हसली. सीताराम हसला नाही. मी त्याच्यापुढे जाऊन हात जोडले. वाकता येत नव्हतं, नाहीतर पाया पडले असते.

"माह्यावर नाव आलं होतं, वैनी," तो म्हणाला. मग आराकडे हात करून, "रोडगा गरम हाये तवर खाऊन घ्या." सोमवारपासून लोकांनी त्याच्याकडे गुरं सोडली. आमची वगार सगळ्यांत आधी गेली.

शोभाही हसली नाही. नारळ देवापुढे ठेवला, माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "मी तुह्यापायी देवाले खोटं बोलली," आणि न जेवता निघून गेली. रोज संध्याकाळी ती आमच्या म्हशीचं गडवाभर दूध नेते, तिच्याकडे जनावर नाही. त्या संध्याकाळी ती आली नाही.

सकाळ

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळेला काठी घेऊन दारात उभी राहिले. रस्ता मोकळा. वगार सापडली होती, आता कोण कशाला येईल? दसऱ्याला दोन महिने होते आणि मी अजून काठीवर होते. आजारात एवढं एकटं मला आयसीयूतही वाटलं नव्हतं. आत जावं म्हणून वळले.

शेजारची कडी वाजली. शोभा बाहेर आली. हातात पिशवी. माझ्याकडे न बघता पदर खोचला.

"माही गाय हरवली," ती म्हणाली. "चाल."

"तुह्याकडं गाय कुठी हाये वं?"

"मनूनच त सापडून नाही राहिली. चाल लवकर, ऊन होते."

त्या गायीला आम्ही दोन महिने शोधलं. आधी दोघीच. मग माणिकची बायको आली, मग तिची सासू, मग एकेक करून बहुतेक सगळेच. गाय नाही हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्याबद्दल कोणी एक शब्द काढला नाही. काठी कधी घरी राहिली ते मला नक्की सांगता येणार नाही. एके दिवशी मळ्यात पोहोचले आणि हात रिकामे दिसले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी उजाडायच्या आत मी वाफ्यात उभी होते. शेजारच्या ओळीत शोभा, पलीकडे हे. पहिलं फूल तोडलं आणि मला रडू आलं, या खेपेला दम भरपूर होता. ह्यांनी पाहिलं आणि मोटर सुरू करायला निघाले. मी म्हटलं, राहू द्या, ऐकू द्या सगळ्यांना.

परत येताना आम्ही सात-आठ बाया रस्त्याने चालत होतो. हात झेंडूने पिवळे, पाय धुळीने भरलेले. मागून एक गाडी आली. कोणी परक्या गावचा माणूस होता. रीतीप्रमाणे थांबला.

"मावशी, कुठी चाल्ल्या एवढ्या जनी? एक-दोघी बसा."

"नाही बावा," शोभा म्हणाली. "गाय हरवली आमची."

त्याने नाल्याकडे पाहिलं, कपाशीच्या शेताकडे पाहिलं.

"कोन्या रंगाची?" त्याने विचारलं आणि गाडी स्टँडवर लावली.